आमच्या जाझमधली रिकामी जागा

बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणालाही विचारा, जाझ म्हणजे काय. तो दोन्ही हात हवेत फिरवेल, एक पाय जमिनीवर आपटेल आणि सांगेल, "ते न्हाय का, बँडमधी बसून वाजवत्यात ते." म्हणजे ड्रमसेट. आमच्याकडे ड्रमसेटलाच जाझ म्हणतात. लग्नाची सुपारी घेताना बँडवाला आधी हेच विचारतो, जाझ पाहिजे की नको. हे मला कळत्या वयापासून माहीत होतं, कारण मी बँडमास्तरची मुलगी आहे. तरीसुद्धा मी शहाण्यासारखी तीन वाजवणाऱ्यांपुढे "आपण जाझ बसवूया" असं बोलून बसले, आणि माझ्या डोक्याला जो ताप झाला त्याची सुरुवात तिथून झाली.

बँडमास्तर म्हणजे अब्बा. इंदापुरात त्यांचा बँड होता. लग्नसराईत अकलूजपासून भिगवणपर्यंतच्या वराती त्यांच्या क्लारनेटमागून चालल्या. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही, सगळ्यांचे ते मास्तर. दोन हिवाळ्यांमागे एका सकाळी ते उठले ते वाकडं तोंड घेऊनच. डाव्या बाजूवरून वारं गेलं होतं. डोळा मिटेना, चहा पिताना हनुवटीवरून ओघळायला लागला. बारामतीला दवाखान्यात आणलं, औषधं झाली, शेक झाले आणि तोंड बरंचसं जागेवर आलं. ओठाचा डावा कोपरा मात्र सैल राहिला तो राहिलाच. बोलताना ते कळत नाही. खातापिताना कळतं, आणि क्लारनेट फुंकताना तर चांगलंच कळतं, कारण हवा तिथून निसटते आणि हवेबरोबर लाळ येते.

अब्बांनी क्लारनेट डब्यात घातलं, डबा कपाटावर ठेवला आणि चुलत्यांच्या चपलांच्या दुकानात जाऊन बसायला लागले. बँड चुलतभावानं घेतला आणि बघता बघता त्याचा डीजे केला. घरात कुणी काही बोललं नाही. मला त्याचाच संताप यायचा. ज्या माणसाच्या फुंकरीवर आमचं घर चाललं, तो आता लोकांच्या पायात चपला सारून मापं बघत होता, आणि अम्मी म्हणत होती की असू दे, बसल्या जागचं काम आहे. मला ते असू द्यायचं नव्हतं. अब्बांनी पुन्हा चार लोकांसमोर बसून वाजवावं, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी जाझबिझ सगळं त्याच्यासाठी.

डॉक्टरांनी ओठांच्या व्यायामासाठी फुगे फुगवायला सांगितलं होतं. मी रंगीत फुग्यांचं पाकीट नेऊन दिलं. अब्बांनी ते गल्लीतल्या पोरांना वाटून टाकलं आणि मला विचारलं, मी काय उरुसातला फुगेवाला आहे का. मग मी दुसरी युक्ती केली. मी बारामतीत एका शाळेत संगीत शिकवते. शिकवते म्हणजे प्रार्थना, समूहगीतं आणि गॅदरिंगचे नाच यांच्यामागे धावते. एका विद्यार्थिनीला क्लारनेट शिकायचंय अशी थाप मारून मी कपाटावरचा डबा खाली काढला आणि अब्बांच्या देखत पत्ती मुद्दाम उलटी बसवली. क्लारनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते, सगळा आवाज तिच्यावर. ती उलटी बघून अब्बांचं पित्त खवळलं. शिव्या घालत त्यांनी ती सरळ केली, आणि बसली का बघायला सवयीनं तोंडाला लावून एक खालचा सूर काढला.

सुराच्या आधी फुस्स असा श्वास आला, मग त्या श्वासातून सूर उगवला, आणि संपतानाही तो नुसता श्वास होऊन संपला. अब्बांनी क्लारनेट खाली ठेवलं आणि म्हणाले, "बघ, सायकलची हवा गेल्यावानी." मला मात्र अंगावर काटा आला होता. पुण्यात पियानो शिकत असताना मला जाझ बॅलडचं वेड लागलं होतं. ड्रमसेटचं नव्हे, खऱ्या जाझचं. बॅलड म्हणजे संथ चाल. वाजवणारा एक सूर धरतो, सोडतो, मग थोडा वेळ काहीच होत नाही, आणि त्या काहीच न होण्यात ऐकणाऱ्याच्या पोटात तुटतं. जाझ वाजवणारे असा श्वास मिसळलेला सूर काढायला वर्षानुवर्षं घासतात. माझ्या बापाला तो फुकट मिळाला होता आणि ते त्याला सायकलची हवा म्हणत होते.

बारामतीतलं एक छोटं संगीत मंडळ दरवर्षी आसपासच्या वाजवणाऱ्यांची एक संध्याकाळ करतं. त्यांनी मला काहीतरी नवीन करा म्हणून सांगितलंच होतं. मी चाल करायला घेतली. खालच्या सप्तकातच फिरणारी, लांब सुरांची, आणि क्लारनेटच्या प्रत्येक ओळीनंतर चार मात्रा पूर्ण शांतता. त्या चार मात्रांत सगळ्यांनी गप्प बसायचं, कुणी काही वाजवायचं नाही. ही जाझची पद्धत आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण असं होतं की त्या चार मात्रांत अब्बांना रुमालानं तोंड पुसता यावं. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

वाद्यं मी निवडली नाहीत, ज्यांना रविवारी वेळ होता ती माणसं निवडली. कऱ्हाटीचे आबा बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं आणि मागे स्पीकर. अब्बांच्या बँडमध्ये ते बरीच वर्षं होते, आता शेतात टोमॅटो आणि ढोबळी मिरची करतात. दुसरे इंदापूरचे तात्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या देवीचा गोंधळ, कमरेला संबळ. तिसरी मी, शाळेची जुनी हार्मोनियम घेऊन, कारण शाळेला पियानो परवडत नाही. आणि चौथे अब्बा, जे वाजवणार नव्हते. ते नुसते तात्यांना शाळा सापडत नाही म्हणून सोबत येणार होते. क्लारनेटचा डबा त्यांनी आणला तो, म्हणे, त्या विद्यार्थिनीला दाखवायला. क्लारनेट, बेंजो, संबळ आणि हार्मोनियम ही चार वाद्यं जगात याआधी कुणी एकत्र आणली असतील का, मला माहीत नाही. आणली असतील तर त्यांचं पुढं काय झालं ते मला ऐकायचंही नाही.

पहिल्या रविवारी शाळेच्या फाटकात एक पिकअप येऊन उभी राहिली. आबा उतरले, मागून एक अनोळखी माणूस उतरला आणि त्यांनी मिळून मोठा ढोल, दोन छोटे ढोल आणि पितळी ताटं खाली काढायला सुरुवात केली. आबांचा चेहरा कौतुकाची वाट बघत होता. म्हणाले, तू जाझ म्हणालीस, आमी जाझ घेऊन आलो. तेवढ्यात तात्या आले. त्यांनी ड्रमसेट बघितला, संबळ कमरेची सोडली आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन पाठ करून बसले. जाझ हाय तर माझं काय काम हितं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी एकीकडे तात्यांची समजूत घालत होते, दुसरीकडे आबांना सांगत होते की आपल्या जाझमध्ये जाझ नाही. हे वाक्य मी त्या सकाळी किती वेळा बोलले देव जाणे. पिकअपवाला शेवटी म्हणाला, ताई, जाझमधी जाझ न्हाय म्हंजी पोह्यात पोहं न्हाय. अब्बा खिडकीशी उभे राहून हे सगळं बघत होते आणि मजा वाटल्याचं लपवत होते. मला त्यांचाही राग आला.

पुढच्या वेळी मी माझ्या पायावर माझ्याच हातानं धोंडा पाडून घेतला. जाझ बॅलडमध्ये ताल काठीनं वाजवत नाहीत, तारांच्या कुंच्यानं घासतात, सर्र सर्र असा आवाज येतो. संबळेवर तसंच काहीतरी पाहिजे होतं. शाळेच्या कोपऱ्यात एक कोरी केरसुणी होती. मी तिच्या चार काड्या उपसल्या, दोऱ्यानं बांधल्या आणि तात्यांपुढे धरल्या. तात्या दोन पावलं मागं सरले. केरसुणी ही लक्ष्मी, संबळ देवीची, आणि मी एकीनं दुसरीला मारायला सांगत होते. "ताई, शिकल्याली माणसं तुमी," एवढंच म्हणून त्यांनी संबळेला हात लावून कपाळाला लावला. मी कान धरून माफी मागितली, काड्या परत खोचून ठेवल्या. दोन आठवडे तात्या फोन उचलेनात. शेवटी अब्बांनीच मधे पडून तोडगा काढला. काठ्यांना मऊ फडकं गुंडाळायचं, देवीच्या ओटीतलं. त्यातून जो दबका आवाज आला तो मला पाहिजे होता त्याच्यापेक्षा चांगला होता, पण तोवर माझा इतका जीव गेला होता की मला आनंदसुद्धा झाला नाही.

एव्हाना अब्बा वाजवायला लागले होते. कसे लागले ते सांगते. मी हार्मोनियमवर जाझचे स्वरमेळ धरत होते. त्यात सा आणि शुद्ध नी एकदम दाबतात, दोन सूर एकमेकांना खेटून थरथरतात. प्रत्येक वेळी अब्बा म्हणायचे, बोट घसरलं तुझं. मी म्हणायचे, घसरलं नाही, मुद्दाम आहे. ते म्हणायचे, मुद्दाम कोण चुकतं. असं तीन रविवार चाललं. चौथ्या वेळी त्यांना राहवलं नाही. "थांब, सूर कुठं हाय ते दावतो," म्हणून त्यांनी डबा उघडला. माझ्या चुकीच्या सुरांवर त्यांनी माझीच चाल वाजवली, खालच्या सप्तकात, फुस्स करत. ओळ संपली, चार मात्रा आल्या, त्यांनी पाठ वळवून रुमाल फिरवला आणि दुसरी ओळ घेतली. मी मान खाली घालून भाता हलवत राहिले. रडू येत होतं आणि ते दिसलं असतं तर अब्बांनी तिथल्या तिथे डबा बंद केला असता.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण आबा होते ना. चार मात्रांची शांतता आली की आबांची बोटं सुटायची. टकटकटकटक, बेंजोवर वरून खाली एक लांबलचक वळसा, की तात्यांच्याही काठ्या हलायच्या, आणि माझी शांतता वरातीत सापडल्यासारखी चेंगरून जायची. बँडवाले दोन ओळींच्या मधल्या वाजवण्याला पीस म्हणतात. आबांचं म्हणणं, पीस नसलेलं गाणं त्यांनी आयुष्यात वाजवलं नव्हतं. मी समजावलं, विनवलं, ओरडले. मी हातानं थांबायची खूण केली की ते मान डोलवायचे आणि पीस वाजवायचे. एकदा मी त्यांच्या स्पीकरची पिनच काढली. तर त्यांनी पीस तोंडानं वाजवला. तात्या म्हणाले की रिकामी जागा फक्त मयताच्या वाजवण्यात असते, आणि संबळ मयताला जात नाही. मी हात टेकले. घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं की आज काय बसवलं, तर मी म्हणाले, मी बसले.

एका रविवारी आबा भलतेच खुशीत होते, ढोबळीला भाव चांगला लागला होता. त्यांनी जाहीर केलं की आज समद्यांनी भिगवणला मासं खायचं, मग मी गाडीनं अब्बांना आणि तात्यांना तिकडूनच इंदापूरला सोडायचं. उजनीच्या पाण्याकडेचे मासे अब्बांचा जीव की प्राण. बँड असताना परतीच्या वाटेवर ते तिथं थांबल्याशिवाय घरी यायचे नाहीत. हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही बसलो, ताटं आली. अब्बा म्हणाले, पोट बरं नाही, मी चहासुद्धा घेणार नाही. सकाळी अम्मीनं फोनवर सांगितलं होतं की त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. वारं गेल्यापासून ते बाहेर कुणासमोर जेवलेच नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. काटे काढत आबा जोरजोरात बोलत होते, तात्या रस्सा भुरकत होते, आणि अब्बा दोघांकडे बघत पाण्याचा ग्लास नुसता हातात धरून बसले होते. मला इतकं वाईट वाटलं की मी आग्रह करून एक तुकडा त्यांच्या ताटलीत वाढला, आणि विचार न करता टेबलावरचे दोन कागदी रुमाल त्यांच्या डाव्या हाताशी सरकवले.

अब्बांनी त्या कागदाकडे बघितलं. मग टेबलावर एका बोटानं सावकाश चार वेळा ठोकलं. एक, दोन, तीन, चार. माझ्याकडे बघितलं. माशाला हात लावला नाही.

इंदापूरला आधी तात्यांना सोडलं. मग आमच्या घरासमोर मी गाडी थांबवली तेव्हा अब्बा म्हणाले, "ती रिकामी जागा जाझची न्हाय. ती रुमालाची हाय."

मी म्हणाले, जाझमध्ये खरंच असते. ते म्हणाले, "असंल. पर तू माझ्यासाठी ठिवली. तुला वाटलं, बापाला पुसायला सवड दिली. त्या सवडीत समदं गप. ना बेंजो, ना संबळ. मग लोकं कुठं बघणार? माझ्या तोंडाकडंच ना?"

गाडीचं दार उघडून ते उतरले, आणि मग परत वाकून म्हणाले, "दुकानात माणसं पायाकडं बघत्यात. तितंच बरं हाय मला."

माझ्या डोक्यात काय काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बापाचा राग, त्या सैल कोपऱ्याचा राग, कागदी रुमालांचा राग, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा राग की ते म्हणत होते ते बरोबर होतं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. डबा मात्र शाळेतच राहिला होता, आणि न्यायला त्यांनी कुणाला पाठवलं नव्हतं, एवढ्यावर मी दिवस काढले. मग एकदा भर तासात त्यांचा फोन आला. ते म्हणाले, आबांना सांग, जागा भर म्हणावं. गच्च भर. बेंजोची बोटं नाचत असली की लोक बेंजोकडे बघतात. तेवढ्यात माझं काम होतं.

म्हणजे जी शांतता राखण्यासाठी मी एवढे दिवस घसा फोडला होता, तीच मला स्वतःच्या हातानं आबांच्या हवाली करायची होती. मी केली. आबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, बघ, मी म्हणतच हुतो, पीस पाहिजे. मी फोन ठेवून वर्गातल्या पोरांवर उगाचच खेकसले. चालीत आता जाझ उरला नव्हता, फक्त माझ्या चुकीच्या सुरांपुरता होता. पण अब्बा येणार होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलं. शाळेतले पालक होते, मंडळाचे जाणते लोक पुढच्या रांगेत होते, आणि मागं इंदापूरहून आलेली आमची माणसं, चपलांच्या दुकानासकट. निवेदकानं "आता सादर होत आहे जाझ" म्हटल्यावर मागून कुणीतरी जाझ कुठाय म्हणून विचारलंच. अब्बा डावी बाजू माझ्याकडे करून बसले, म्हणजे लोकांना उजवी दिसावी. हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं असणार. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी, खिशात रुमाल.

पहिली ओळ मला पाहिजे होती तशी गेली. तो श्वास माईकमधून सगळ्या सभागृहात पसरला आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे मिटले. ओळ संपली, आणि आबा सुटले. बेंजोचा पीस असा काही कोसळला की सगळ्या माना तिकडं वळल्या. अब्बांनी हळूच तोंड पुसलं. कुणी बघितलं नाही. बेत फत्ते झाला, असं मला वाटलं.

पण आबांना टाळी मिळाली होती. टाळी मिळालेला बेंजोवाला कुणाच्या बापाचं ऐकत नाही. दुसऱ्या ओळीनंतरचा पीस पहिल्याहून लांब आणि पहिल्याहून जलद झाला. तात्यांना मागं राहणं कमीपणाचं वाटलं, त्यांच्या काठ्यांवरचं फडकं कधी सुटून पडलं ते त्यांनाही कळलं नसावं. संबळ कडाडली. मागची माणसं तालावर टाळ्या वाजवायला लागली, एकानं शिट्टी मारली. तिसरी ओळ अब्बांनी मूळ लयीत धरायला बघितली तर खालचा ताल त्यांना ढकलत होता. माझं बॅलड लग्नाच्या मांडवाकडे धावत सुटलं होतं. मी हार्मोनियमवरून आबांकडे डोळे वटारून बघत होते. ते माझ्याकडे बघून हसले.

अब्बांच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी लहानपणापासून ओळखते. लय चढली की ती यायची, आणि मग बँडमधल्या कुणाची तरी खैर नसायची. तिसरी ओळ संपली. आबांचा हात बटणांवर उतरणार, तोच अब्बांनी डावा हात वर केला आणि मूठ मिटली.

मास्तरची मूठ म्हणजे थांबायचं. वरात असो, नवरदेव घोड्यावर असो, मूठ मिटली की बँड जिथल्या तिथे बंद. आबांची बोटं हवेत राहिली. तात्यांच्या काठ्या थांबल्या. माझाही हात भात्यावरून निघाला, माझ्या मनात काही यायच्या आत. मागच्या टाळ्या गोंधळून विरल्या. सगळं सभागृह गप्प झालं आणि साहजिकच सगळे अब्बांकडे बघायला लागले.

अब्बांनी खिशातून रुमाल काढला. लाळ हनुवटीपर्यंत आली होती, प्रकाशात चमकत होती. त्यांनी ओठाचा डावा कोपरा पुसला, हनुवटी पुसली, पत्ती पुसली. घाई केली नाही, मान वळवली नाही. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवला. मग त्यांनी क्लारनेट तोंडाला लावलं आणि पुढची ओळ मी लिहिली होती त्याहूनही संथ लयीत सुरू केली, आधी नुसता श्वास, मग सूर. पायानं ते लय देत होते आणि नजर आबांवर रोखलेली होती. त्यानंतर शेवटपर्यंत आबांनी एकाही रिकाम्या जागेत बोट घातलं नाही.

टाळ्या वाजल्या. आबांना वाजल्या होत्या तेवढ्या मोठ्या नव्हत्या, पण बराच वेळ वाजत राहिल्या. पुढच्या रांगेतल्या बाई अब्बांना भेटायला आल्या आणि बरंच काही बोलल्या. अब्बा मान हलवत होते आणि त्यांचं सगळं लक्ष स्पीकर गुंडाळणाऱ्या आबांकडे होतं. बाई गेल्याबरोबर त्यांनी आबांना आणि तात्यांना जे सुनावलं ते मी वर्षानुवर्षं, बँड लग्न वाजवून परतला की रात्री, ऐकत आले होते, शब्दसुद्धा तेच. दोघंही मान खाली घालून उभे होते आणि मला वाटतं, त्यांनाही बरं वाटत होतं.

मग माझी पाळी आली. मला वाटलं, आता तरी एक बरा शब्द निघेल. अब्बा म्हणाले, "चार मात्रांत भागत न्हाय. रुमाल काढायचा, पुसायचा, ठिवायचा. आठ कर."

मी वैतागून म्हणाले की आठ मात्रा सगळं थांबलं तर चालीचा विचका होईल. लोकांना वाटेल, संपलं.

"वाटू दे की," अब्बा म्हणाले. "मी परत फुकाय लागलो म्हंजी कळंल त्यास्नी, संपल्यालं न्हाय ते."